एका घरातले दोन थायरॉईड

कुंडल गावात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका रानात उतरल्या की प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या ओळींची एक पात येते. अनसूयाची पात मागं राहिली असं कुणी सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता, अशी या बाईची ख्याती. नवरा नाथाजी फौजेत हवालदार होता. तो सरहद्दीवर असताना दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि एक सासू हे सगळं तिनं एकटीनं सांभाळलं. त्यातलं सगळ्यात अवघड काय होतं, हे ती अजूनही सांगत नाही.

चाळिशी उलटली आणि तिची पात मागं पडायला लागली. भर चैत्रात ती गोधडी पांघरून बसायची. फणीत केसांचे पुंजके यायचे, आवाज घोगरा झाला, जेवण कमी झालं तरी अंग सुजल्यासारखं भरत चाललं. नाथाजी रिटायर होऊन घरी आलेला. नळावर जावेनं टोमणा मारला की पेन्शन सुरू झाल्यापासून बाईला झोप गोड लागायला लागलीय. हे अनसूयाच्या जिव्हारी लागलं, कारण तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. आपण आळशी झालो याची लाज तिला रानात जाऊ देईना.

क्रांती ही गावची आशा स्वयंसेविका. तिनं हा सुजलेला चेहरा बघितला आणि अनसूयाला धरून सांगलीला नेलं. रक्त तपासल्यावर कळलं की गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली आहे. आळस नव्हता, आजार होता. रोज पहाटे उपाशी पोटी एक गोळी, आणि पुढं अर्धा तास चहा बंद. गोळीचं काही नाही, पण चहावाचून अर्धा तास काढणं अनसूयाला फार जड गेलं. तिनं तो काढला. तीन-चार महिन्यांत तिची पात पुन्हा सगळ्यांच्या पुढं गेली आणि जावेला आपली पात घेऊन तिच्या मागून यावं लागलं.

इथपर्यंत सगळं छान झालं. पण यश बाईच्या डोक्यात गेलं. कुणी दमलं की थायरॉईड, कुणाचे केस गळले की थायरॉईड, म्हैस दूध देईना तरी अनसूयाला तीच शंका. बचत गटात ती अर्धी डॉक्टरीण होऊन बसली.

तिची लेक राजनंदिनी वीस वर्षांची होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. बापानं उतरवलेली वर्दी लेकीनं चढवावी, हे अनसूयाचं एकच स्वप्न. आठशे मीटर राजनंदिनी तीन मिनिटांच्या आत मारायची. त्या हिवाळ्यात मात्र पोरगी वाळत चालली. दोन भाकरी जास्त खाऊनही वजन उतरत होतं. हात थरथरायचे, थंडीतही घाम फुटायचा, झोप नाही, आणि चिडचिड तर अशी की म्हशीसुद्धा तिला बिचकायच्या. घरच्यांना वाटलं, धावण्यानं होतंय.

तालुक्याच्या शिबिरात सगळ्या पोरींचं रक्त तपासलं. थायरॉईडचा दोष आहे, लवकर डॉक्टरांना दाखवा, असं राजनंदिनीला सांगण्यात आलं. घरी आल्यावर अनसूयानं त्यातला एकच शब्द ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. घरचंच दुखणं होतं आणि घरातच गोळी होती, मग सांगलीला कशाला जायचं? दुसऱ्या पहाटेपासून तिनं स्वतःच्या बाटलीतली एक गोळी लेकीच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. ज्या घरात बाम, चष्मा आणि तापाची गोळी सगळ्यांत एकच असते, तिथं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

सतरा दिवसांनी राजनंदिनी मैदानात दुसऱ्या फेरीला छाती धरून खाली बसली. बोलावून आणलेल्या क्रांतीनं नाडी धरली तर ठोके मोजता येईनात. तशीच गाडी करून सगळे सांगलीला गेले.

तिथल्या डॉक्टर अश्लेषांनी पोरीचा गळा चाचपला, डोळे बघितले आणि विचारलं, कुठलं औषध चालू आहे का? राजनंदिनीनं आईकडं एकदा बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. तिनं आईला झाकलं. अनसूयाला ते कळलं. शेजारी नाथाजी होता, क्रांती होती, आणि गप्प बसलं तर गावात बसवलेली सगळी पत शाबूत राहणार होती.

"ती खोटं बोलतीया," अनसूया म्हणाली. "माझी गोळी दिलीया तिला. रोज पहाटं, सतरा दिस. मीच दिलीया."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमची चूल मंद जळत होती, म्हणून तुम्हाला फुंकणी दिली. हिची आधीच भडकलेली, आणि तुम्ही रोज त्यात रॉकेल ओतलं." मग त्या म्हणाल्या, "पण सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर हिचा आजार मला नीट कळायला उशीर झाला असता."

राजनंदिनीला निराळ्या गोळ्या मिळाल्या, ठोके आवरायला आणि ग्रंथीला लगाम घालायला. रक्त ताळ्यावर येईपर्यंत धावणं बंद. म्हणजे त्या साली भरती नाही. महिनाभर ती आईशी कामापुरतंच बोलली, आणि अनसूयानं तोंडाचा पट्टा कधी नव्हे तो बंद ठेवला.

पुढच्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. जाऊ पुढच्याच रांगेत बसलेली. अनसूया उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. एकच नाव असलं तरी दुखणी दोन आहेत, एकात माणूस विझत जातं आणि दुसऱ्यात पेटत जातं, आणि माझ्या शहाणपणानं माझी पोर मरता मरता वाचली, असं ती म्हणाली. कुणी कुणाची गोळी घ्यायची नाही, आधी रक्त तपासायचं. नंतर क्रांतीबरोबर ती पलूस तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हेच सांगत फिरली. आपली चूक सांगायला दारोदार जाणारी दुसरी बाई क्रांतीनं पाहिलेली नाही.

पोरीनं दोन वर्षं गोळ्या नेमानं घेतल्या. तब्येत सावरल्यावर डॉक्टरांनी धावायची मोकळीक दिली, पुढं गोळ्याही थांबवल्या. पुढच्या भरतीत राजनंदिनी निवडली गेली आणि ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. हार पडल्यावर तिला बोलायला सांगितलं. अनसूया मागं बायकांत बसली होती. लेक वडिलांचं नाव घेईल, फौजेचं घेईल, असं तिनं धरलंच होतं.

"धावायला भरतीच्या क्लासातल्या सरांनी शिकवलं," राजनंदिनी म्हणाली. "पर त्या दिशी डॉक्टरांम्होरं मी खोटं बोलले, आन आई खरं बोलली. चूक केली तिनं, आन चार गावांत जाऊन सांगितली बी तिनंच. एवढी छाती मला अजून न्हाई. मला लय अभिमान हाय तिचा."

बायका वळून अनसूयाकडं बघायला लागल्या. एरवी अशा वेळी तिनं तोंडाला पदर लावला असता. आज तिनं लावला नाही. डोळे वाहत होते ते वाहू दिले आणि सगळ्यांना दिसेल अशी ती ताठ बसून राहिली.