ताण्या आणि बाण्या

पाचपावलीतले नानाजी धकाते हातमागावर लुगडी विणत. पण बाहेर चिमण्या एकदम गप्प झाल्या, की शिकारी पक्षी आला म्हणून हातातला धोटा टाकून अंगणात धावत. आम्ही समोरच राहत होतो. त्यांच्या पक्ष्यांच्या वेडाची थट्टा सगळी आळी करी, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

१९५३च्या उन्हाळ्यात त्यांच्या कडुनिंबावर शिक्रे दिसू लागले. पारव्याएवढा पक्षी, पण नजर अशी की खार जागच्या जागी थिजावी! नानाजींनी लगेच दोन जाती ठरवून टाकल्या. एकाचे डोळे लाल, छातीवर आडव्या तांबूस रेघा. मागावरचा आडवा धागा म्हणजे बाणा, म्हणून तो बाण्या. दुसरा तपकिरी, छातीवर उभे पट्टे. मागावरचा उभा धागा म्हणजे ताणा, म्हणून तो ताण्या. बाण्या सरडे पकडणारा, सज्जन. ताण्या मात्र लबाड.

"दिवसभर बोंबलते अन् फांदीवरून हालत नाही," नानाजी सांगत. "असा आयतोबा चोरच राहते."

त्यातच त्यांच्या बायकोची, मैनाबाईंची, कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी होऊ लागली. पिल्लं म्हणजे त्यांचा जीव की प्राण! त्या कडाडल्या, "तुमचा ताण्याच नेऊन राहिला. मारा त्याले आजच्या आज!"

नानाजींनी गुलेल काढली. त्यांचा नेम कधी चुकत नसे. ताण्या समोरच बसला होता. त्यांनी रबर ताणलं.

तेवढ्यात सपकन बाण्या आला. त्याच्या पंजात मैनाबाईंचं पांढरं पिल्लू! ताण्या पंख फडफडवत, चोच वासून किंचाळू लागला आणि बाण्यानं शिकार त्याच्यापुढे टाकली.

"अवं मैना!" नानाजी नाचायचेच बाकी होते. "दोन जाती नाहीत वं! हे पोरगं होय त्याचं! लहानपणी उभे पट्टे, मोठेपणी आडव्या रेघा! मागावरबी ताणा पहिले लागते, बाणा मंग भरते. कोष्टी असून मले कसं नाही समजलं?"

मैनाबाईंना त्याचं काय कौतुक? "मंग बापाले मारा," त्या म्हणाल्या.

आनंद तिथंच विरला. नानाजींनी नेम बाण्यावर धरला, पण रबर काही सोडलं नाही. वर पोरगं अधाशासारखं खात होतं. मैनाबाई बघत राहिल्या.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "माग बंद होते तवा आपल्या उपाशी पोरासाठी, ईश्वरसाठी, तुमी लोकाच्या बागेतून संत्रे आणत होते. तुमाले कोणी मारलं काय?"

नानाजींनी गुलेल खाली केली. मैनाबाई उरलेल्या पिल्लांवर डालगं झाकायला गेल्या.