वहिनीच्या हातातला दोर

"खाली डोळे उघडे ठेवले की माणूस घाबरतो," पाणबुड्या एकदा धाकट्या भावाला म्हणाला होता. धरणाच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही, म्हणून तो डोळे मिटून, चाचपून काम करायचा. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक वर त्याची बायको धरून असायची.

ती आजाराने गेली त्याला तीन आठवडे झाले होते. आज धरणाचा दरवाजा अडकला होता, पाणी चढत होतं आणि पाणबुड्या पोशाख चढवत होता. दोर आता धाकट्याने धरायचा होता, पण तो खोलीचं दार अडवून उभा राहिला.

"दादा, खरं सांग. वर येणार आहेस ना?"

"खाली राहायचं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? काल प्रार्थनेला बसलो आणि ढसाढसा रडलो. मग वाटलं, अरे, ती त्या पाण्यात थोडीच आहे! ती प्रभूपाशी आहे. मला न्यायचं तेव्हा तोच नेईल."

"तुला दिसतं का ते?"

"खालून तुझी वहिनी तरी कुठे दिसायची? दोराला ताण लागायचा, तेवढ्यावर काम करायचो."

"आणि आता?"

"आताही लागतो. रडताना जास्तच."

धाकट्याने दोराचा वेढा मनगटाला घेतला आणि तो बाजूला सरला. पाणबुड्या उठला आणि बाहेर पडला.