सैल कोपरा

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांची दारं लहानू मेश्रामांच्या हातची. आमचंही दार त्यांचंच. तीस वर्षांत ते एकाही पावसाळ्यात अडलं नाही. पण आता लोक तयार दारं आणतात, बसवणारा माणूसही दुकानाचाच येतो. दीड वर्ष लहानूभाऊंच्या हाताला काम नव्हतं. त्यांची बायको प्रेमिलाबाई म्हणायच्या, "बसून बसून पागल होईन हा माणूस."

आमच्या वरच्या मजल्यावर मेघा भाड्यानं राहते, चित्रकलेचे वर्ग घेते. कॅनव्हास ताणायला तिला लाकडी चौकटी हव्या होत्या. लहानूभाऊंचं नाव मीच सुचवलं. आधी चार करायच्या. जमल्या तर वर्गाचं सगळं काम कायमचं त्यांना.

मेघानं नमुना दाखवला. "काकाजी, कोपऱ्याला सरस नको, खिळाही नको. आतून ही लाकडाची पाचर. कापड सैल पडलं की पाचर ठोकायची, कोपरा उघडतो, कापड ताणलं जातं."

त्यांनी कोपरा दाबून पाहिला. "हे तं हालून राहिलं वं पोरी! लहानूनं केलं म्हनतीन, तं लोक थुकतीन माह्यावर."

"हलू द्या, काकाजी."

"बरं."

चौकटी आल्या त्या बघत राहाव्या अशा. मेघानं महिनाभर खपून त्यांवर चित्रं केली. श्रावणात कापडं झोळीसारखी लोंबली. ती हातोडी घेऊन बसली, तर पाचर जागची हलेना. प्रत्येक कोपऱ्यात सरस भरलेला, वर बांबूची मेख, दिसू नये अशी बुजवलेली. जोर केला तसा कोपरा फुटला आणि चित्र फाटलं.

"असं का केलंत, भाऊ?" मी विचारलं.

"सैल ठेवाले हातच नाही झाला, बाई." मग म्हणाले, "आता ठेवतो. एक डाव सांगून पाहा तिले."

सांगितलं. मेघाला वाईट वाटलं. पण तयार चौकटी मागवून झाल्या होत्या.

टेम्पो आला तेव्हा लहानूभाऊ फाटकाशी उभे होते. त्यांनी एक चौकट उचलली, कोपरा दाबला. हलला. मग कुणी न सांगता एकेक चौकट जिना चढून वर नेऊन ठेवली.

"चहा घ्या, भाऊ," मी म्हटलं.

"नाही बाई. घरी काम पडलं आहे."

मी आग्रह केला नाही.