बायाक्कानं विहिरीत सोडलेले जीव

बायाक्काबद्दल आमच्या गावात तोंडाला येईल ते बोलत्यात. मीबी बोललेय. वीस-बावीस वर्सं आमची भिंतीला भिंत, आणि तिच्याबद्दल सगळ्यात वाईट बोलणारी कोण म्हणाल तर मीच, मालुबाई. ती जाऊन आता सा म्हैने झाले. ती व्हती तवर खरं सांगायला माझी जीभ उचलली न्हाय, आणि आता सांगून कुणाचं काय सुधारणार? पण पोटात ठेवून ठेवून मला अन्न गोड लागंना झालंय, म्हणून सांगते.

आमचं गाव कोगनोळीपास्नं चालत दीड तासावर. तमाखूची काळी रानं, आणि गावाच्या मधोमध दगडी काठाचा आड. पूर्वेकडच्या गावांत उतरून पाणी भरायच्या विहिरी, आणि तिथं घराआड एकाला नारू. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातनं हातभर लांब, पांढऱ्या दोऱ्यागत किडा बाहेर पडायचा. माणूस दोन म्हैने खाटेवर. आमच्यात नारू न्हवता. पोरीला मागणं आलं की आमची माणसं छाती काढून सांगायची, "आमचं पाणी चांगलं हाय."

बायाक्का त्याच पूर्वेच्या नारूच्या मुलखातली, जैनाची लेक. नवरा आण्णाप्पा, चार एकर तमाखू, माणूस मुका म्हणावा इतका गरीब. तिला मराठी शाळेच्या तीन यत्ता झालत्या. तिचं पाणी भरणं म्हणजे आम्हा बायकांना तमाशा. दुहेरी फडक्यातनं पाणी गाळायची, मग ते फडकं कळशीत खळबळून, ती कळशी दोरीनं अलगद आडात सोडायची आणि पाण्याला टेकल्यावरच उपडी करायची. म्या इचारलं, "अगं, वरनंच ओत की, कळशीला लागतंय व्हय?" तर म्हणाली, "कळशीला न्हाय गं. फडक्यात बारके जीव असत्यात, वरनं टाकलं तर आपटून मरत्यात. ज्या पाण्यातनं आले त्याच पाण्यात सुखरूप पोचवायचे. ह्याला जिवाणी म्हणत्यात आमच्यात." रोज दोन येळा, पावसापाण्यात, गरवार असतानाबी. मी हसायचे.

बत्तीस सालच्या माघात युनिव्हर्सिटीचा डॉक्टर आला, हेरवाडकर नावाचा. कुठली युनिव्हर्सिटी, ते मला तवाबी कळलं न्हाय आणि आताबी न्हाय. त्याला नारूवर काहीतरी मोठं लिहायचं व्हतं. मग नारू नसलेल्या गावात कशाला तडमडला? तर म्हणे, त्याला नारू नसलेल्याच गावच्या आडातलं पाणी पायजे. राहायला त्यानं आण्णाप्पाच्या घराचा पुढचा सोपा धरला, कारण गावात तेवढंच घर पाण्याच्या बाबतीत सोवळं. सोप्यात फळीवर काचेच्या आठ-दहा बरण्या मांडल्या, आमच्या आडाचं पाणी भरलं, आणि शेजारी पितळेची दुर्बीण ठेवली, बारकं ते मोठं दाखवणारी.

आठवड्यातनं एकदा तो पूर्वेकडं जायचा आणि येताना पिशवीतनं बाटली आणायचा. बाटलीत काय व्हतं ते त्यानं कुणालाच सांगितलं न्हाय. नारूच्या फोडावर पाणी ओतून, त्या पाण्यात उतरलेलं नारूचं बी तो आणत व्हता, आणि बरण्यांत आमच्या आडाचे जे बारके किडे व्हते त्यांना चारत व्हता. गावाला कळतं तर त्याला दुर्बिणीसकट आडातच टाकला असता. म्हणून गप्प बसला भाड्या.

एक दिवस त्यानं बायाक्काला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. लावला, आणि बाई हलंनाच. मग मला हाका मारल्या, "मालू, ये गं, ये, बघ!" म्या बघितलं. तिळाच्या टोकाएवढा किडा, पण आत केवढा दिसत व्हता! एकच डोळा, शेपटी, आणि दोन्ही अंगाला दोन गाठोडी.

"ती मादी आहे," डॉक्टर म्हणाला. "ती तिची अंडी."

"लेकुरवाळी हाय," बायाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जन्मभर जिवाणी सोडली, पण कुणाला सोडतोय ते आज बघितलं."

शिमग्याला पंधरा दिवस असतील, डॉक्टरला घरनं तार आली. बायको आजारी. जाताना बायाक्काला सांगून गेला, "मी चार दिवसांत आलो नाही तर सगळ्या बरण्यांत उकळतं पाणी ओता, आणि मग लांब मातीत रिकाम्या करा. हे पाणी कुणी पिऊ नका."

"का वो?"

"औषध घातलंय."

तेवढंच बोलला. खरं बोलायला त्याच्या जिभेला काय झालतं?

पाचव्या दिवशी बायाक्का माझ्या दारात आली. "मालू, आधण ठेवलंय गं. तीनदा ठेवलं, तीनदा उतरवलं. हात धजत न्हाय."

म्या म्हटलं, "किड्यांसाठी रडतीस व्हय? डोकं फिरलंय तुझं," आणि भाकरी थापायला बसले.

त्या दिवशी दुपारी तिनं एकेक बरणी कळशीत घेतली, दोरीनं आडात अलगद सोडली, पाण्याला टेकल्यावर उपडी केली. जिथनं आणले तिथं पोचवले. औषधाचं म्हणाल, तर एवढ्या मोठ्या आडात बरणीभर पाणी ते काय, असं तिला वाटलं. आणि जीव वाचले म्हणून त्या रात्री बाई सुखानं जेवली.

पुढचं मला वर्सानं कळलं, पण आत्ताच सांगते, म्हणजे तिचं ते वर्स कसं गेलं ते तुमच्या ध्यानात येईल. डॉक्टर बाराव्या दिवशी परतला. फळीवर बरण्या पालथ्या, धुऊन ठेवलेल्या. त्यानं इचारलं, "उकळतं पाणी ओतलं ना?" ती म्हणाली, "न्हाय. त्यांच्या पाण्यात सोडले." डॉक्टरनं एकेक बरणी उलथून बघितली. मग त्याच्या तोंडातनं खरं निघालं. त्या प्रत्येक किड्याच्या पोटात नारू व्हता. जो कोण तो किडा पाण्याबरोबर पिणार, त्याच्या अंगात नारू वाढणार, आणि वर्सानं पायातनं बाहेर पडणार. उतारा न्हाय.

बायाक्का चावडीकडं निघाली. त्यानं वाट अडवली. "आता सांगून काय होणार? प्यायचं ते पिऊन झालं. मी आडात चुना टाकतो, किडे मरतील, पुढचे लोक वाचतील. ज्यांना व्हायचा त्यांना होणारच. उगाच अख्खं गाव वर्षभर धास्तीत कशाला?" बोलणं गोड, आणि मतलब आपली कातडी वाचवायचा. पाटलाला त्यानं सांगितलं की पटकी येतीय, आडाला चुना घालू. आड पंधरा दिवस बंद राहिला. लोकांनी त्याला दुवा दिला! आणि जाताना बायाक्काच्या हातात सा कोरी कार्डं ठेवली, वर त्याचा पत्ता लिहिलेला. "पुढच्या शिमग्यानंतर कुणाच्या पायाला फोड आला, की तारीख घालून टाका." घ्या! आमचे पायबी त्याला बरण्याच.

तर ते वर्स. मला तवा एवढंच दिसायचं की शेजारीण खुळावलीय. बोलताना माझ्या तोंडाकडं न्हाय, पायांकडं बघायची. पोरं खेळत असली की दारात बसून पोटऱ्या न्याहाळायची. उपासावर उपास. घरोघर गाळायची फडकी शिवून वाटली. मला दोन दिली.

"जैन करतीस व्हय गं मला?" म्या म्हटलं.

"कायबी म्हण, पण गाळून पी," ती म्हणाली. आणि माझ्या पाया पडली. थोरली असून! मी चिडले, म्हटलं असलं काय करू नको, माझं आयुष्य कमी व्हईल.

शिमगा झाला. धुळवडीच्या चौथ्या दिवशी आमच्या मालकांच्या गुडघ्याखाली खाज सुटली, मग आग, मग फोड. म्या कांद्याचं पोटीस बांधलं. फोड फुटला आणि आत पांढरं टोक दिसलं. आमच्या गावात! मालक गडी कसा, तर निपाणीच्या वखारीत तमाखूनं गच्च भरलेलं बोद, केवढं मोठं पोतं ते, एकटा पाठीवर घ्यायचा. तो नारू बघून लहान पोरागत भिंतीकडं तोंड करून पडला. आठ दिवसांत आणखी तिघांना निघाला.

मी काय सांगायच्या आधीच बायाक्का दारात. तिला नारू काढायची माहेरची इद्या व्हती. तुराटीची बारीक काडी घ्यायची, नारूचं टोक तिला गुंडाळायचं, आणि रोज दोन बोटं ओढायचा, जास्त न्हाय. ओल्या फडक्यानं काडी पायालाच बांधून ठेवायची. घाई केली आणि आत तुटला, तर पाय सडला म्हणून समजा. रोज सकाळी ती चौघांची चार घरं करायची. पहिलं आमचं. मालकांच्या पायाशी बसायची, फुंकर घालायची, तोंडानं कायतरी पुटपुटायची, आणि अर्धा तास लावून दोन बोटं गुंडाळायची. मालक एकदाबी वळून बघायचे न्हाईत.

असे अठरा दिवस गेले. "आणखी पाच-सा दिवस, मग तुझा मष्णू चालाय लागतोय बघ," ती म्हणाली. मला काय वाटलं म्हणून सांगू! माझी सख्खी भण असती तर तिनं एवढं केलं नसतं. एकोणिसाव्या दिवशी म्या बेळगावच्या बाजारचा खण आणि नारळ काढला, ती काडी धरून बसलीवती तिथंच तिची ओटी भरायला वाकले.

"बायाक्का, तू व्हतीस म्हणून माझ्या माणसाचा पाय ऱ्हायला. तू देवमाणूस हाईस," म्या म्हटलं.

तिनं ओटी घेतली न्हाय. काडी तशीच धरून म्हणाली, "मालू, ह्यो नारू म्याच घातलाय त्याच्या पायात."

मला वाटलं बाईला ताप चढलाय. मग तिनं सगळं सांगितलं, अगदी हळू, आणि सांगताना काडी गुंडाळतच व्हती. बरण्या, बी, आड, चुना, कार्डं. "चार कार्डं टाकली, मालू. पयलं तुझ्या मालकाचं."

माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. वर्सभर माझ्या घरात आली, माझ्या हातचं ताक प्याली, माझ्या पोरांच्या पोटऱ्या मोजल्या आणि ह्या बाईला ठाऊक व्हतं! चार किड्यांची माया आली, आणि माझं माणूस? माझा राग म्हणजे दुधाचा ऊत, वर आला की चूल इझवायलाबी सवड देत न्हाय. म्या तिचं मनगट धरलं आणि "सोड माझ्या माणसाचा पाय!" म्हणत हिसडा दिला.

"मालू, काडी!" ती वरडली.

नारू तुटला. ओला दोरा तुटतो तसा, आवाज न्हाय, काय न्हाय. तुटलेलं टोक आत गेलं आणि जखमेतनं दुधागत पाणी आलं. मालक भिंतीकडं तोंड करूनच किंचाळले. काडी बायाक्काच्या हातात व्हती.

पुढं काय सांगू? पाय मांडीपर्यंत सुजला. निपाणीच्या दवाखान्यात दोनदा चिरा दिल्या. जीव वाचला, पण गुडघा वाकडा झाला तो झाला. बाकीच्या तिघांचे नारू बायाक्कानं सबंध काढले, अख्खे. ते तिघं आजबी रानात नांगर धरत्यात.

ते झाल्यावर ती आपण होऊन चावडीत गेली. गाव गोळा झालं. तिनं डॉक्टरच्या माथी कायबी मारलं न्हाय. बरण्या म्या सोडल्या, एवढंच म्हणाली. लोक खवळले. दगड उचलले, आण्णाप्पा मधी पडला म्हणून वाचली. आडाला तिची दोरी बंद केली. मग पाटलानं इचारलं, "आणि मष्णूचा नारू तुटला कसा? तिघांचा काढलास, त्याचाच कसा तुटला?"

मी बायकांत पुढंच बसलेवते. तिनं माझ्याकडं बघितलं. नजर न काढता म्हणाली, "माझ्याच हातनं तुटला."

मला उठायचं व्हतं. देवाची आण, उठायचं व्हतं. पण सगळं गाव मला "अरं अरं, बिचारी" म्हणत व्हतं, आणि माझ्या बुडाला जशी मुळं फुटली. तोंडात पदर कोंबून बसले. लोकांना वाटलं रडतीय.

त्यानंतर चौदा वर्सं ती मळ्यातल्या विहिरीचं पाणी डोक्यावरनं आणायची, गाळायची, आणि जिवाणी सोडायला परत तेवढंच चालत जायची. माझ्या दारावरनं वाट. एकदाबी थांबली न्हाय, एकदाबी मान वर केली न्हाय. माझं गुपित तिच्यापाशी व्हतं, पण भीती मला वाटायची ती तिच्या बोलण्याची न्हाय. तिनं एकदा तरी बोलून दाखवावं, शिवी द्यावी, असं मला लई वाटायचं. म्हणून मीच आडावर तिला शिव्या द्यायचे, सगळ्यात मोठ्यानं. डॉक्टरचं पुस्तक निघालं म्हणे. शाळेच्या मास्तरानं सांगितलं, त्यात आमच्या गावचे चार पाय हाईत, एक ते चार आकडे घालून. नावं न्हाईत.

बायाक्का गेली त्या दिवशी मी लुगडं बदलून निघाले. मालक म्हणाले, "जिनं माझा पाय मोडला तिच्या दारात जाणार व्हय तू?" मी परत आत आले.

रोज सकाळी मालक खाटेवरनं उठत्यात तवा गुडघ्यातनं कळ जाती. दात खाऊन म्हणत्यात, "जिनं तोडला तिचा हात झडो!" त्यांच्या काखेत माझा हात असतो. मी त्यांना उभं करते आणि म्हणते, "व्हय."