आबांच्या खळ्यावरचा ग

बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातल्या पोरांना लिहायला शिकवायचं म्हणजे आधी त्यांच्या तोंडातून पेन्सिल काढायची. दगडी पाटीवरची ती पेन्सिल त्यांना भारी गोड लागे. सकाळी दिलेली पेन्सिल दुपारपर्यंत निम्मी व्हायची आणि पाटीवर रेघ एक नसायची. मी नुकती सातवीची फायनल पास झालेली, जिभेला धार. पण त्या पांढुरक्या जिभा बाहेर आल्या की मला रागवायचं सोडून हसूच फुटायचं.

वडील रेल्वेत, घर लोणावळ्याला. सकाळच्या गाडीने मी वडगावला उतरे आणि बांधाबांधाने पलीकडच्या वाडीत जाई. वाडीत शाळेला इमारत नव्हती. गावच्या आबांनी आपल्या घराची पडवी दिली होती, तीही सुगीपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "भात घरात आलं की पडवी मला लागंल. तवर शाळा तपासनारं दिपुटीसाहेब येऊन पोरं लिवत्यात म्हनले, तर बघू. न्हाईतर बाई, तुमी आपल्या गाडीनं घरी."

मला ती पडवी सोडायची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बाई म्हणत होतं आणि ते मला फार आवडत होतं.

पोरं पेन्सिल धरायची ती विळा धरावा तशी, मुठीत. मी पाट्या बाजूला ठेवल्या आणि आबांच्या घरच्या मावशींकडून तांदूळ मागून आणले. पोरांना गोल करून बसवलं आणि चिमटीने खडे वेचायला लावलं. मावशी खूश, फुकटात तांदूळ निवडून मिळत होते. आबा मात्र जाता-येता टोमणा मारायचे, "ही शाळा हाय का निवडनं-टिपनं?"

बोटं जरा वळायला लागल्यावर मावशींचंच एक सूप घेतलं, त्यात चुलीतली चाळलेली राख पसरली आणि म्हटलं, आता बोटाने लिहा. ग काढताना आम्ही सगळे ओरडायचो: आधी एक काठी, तिला खाली गाठ, शेजारी उंच काठी, वर छप्पर. राखेत चुकलं तर सूप हलवलं की सगळं साफ. चुकायची भीती गेली आणि पोरं सुटलीच. भाद्रपद सरेपर्यंत पेन्सिल चिमटीत आली, पाटीवर ग म भ न उभे राहिले. वाकडे होते, पण उभे होते. रोज परतीच्या गाडीत मी स्वतःशीच हसत बसे.

दसऱ्याला पाटीपूजन केलं. प्रत्येक पाटीवर मी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून दिली. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. आणि बोलायला लागले की मला थांबता येत नाही, म्हणून भाषणही दिलं. पाटीला पाय लावू नका, थुंकीने पुसू नका, विद्या रुसते.

सुट्टीनंतर पोरं आली ती पाट्या छातीशी धरून. मी म्हटलं, "पुसा पाट्या." कुणी हलेना. सतत नाक ओढणारी पाच वर्षांची एक पोर सगळ्यांत धीट. तीच बोलली, "पुसायची न्हाई, बाई. सरस्वती हाय तिच्यात. पुसली की जाईल."

मी समजावलं. रागावले. गुळाचे खडे दिले. गूळ खाल्ला, पाट्या पुसल्या नाहीत. शेवटी मीच एकीच्या पाटीला ओलं फडकं लावायला गेले, तर अख्ख्या रांगेने भोकाड पसरलं. सूप म्हणावं तर मावशींनी सुगीच्या तयारीला परत नेलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी दिपुटीसाहेब आले. आबा पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले. साहेब त्या नाकवाल्या पोरीसमोर बसले.

"बाळ, ग काढून दाखव बघू."

"पाटीवं न्हाई काढायचा."

"मग कुठं काढणार?"

पोरीने इकडेतिकडे पाहिलं. पडवीच्या खाली आबांचं भात मळायचं नवं खळं होतं. चार दिवस चोपून, त्याच सकाळी शेणाने सारवलेलं, अजून ओलं. ती उतरली, कडेला उकिडवी बसली आणि मोठ्याने म्हणत सुटली, "आधी एक काठी, तिला खाली गाठ…" तो ग चांगला भाकरीएवढा झाला. मग बाकीची पोरं धावली. बघता बघता ग, म, भ, न यांनी सबंध खळं भरलं. कुणीतरी चार ग एकाच छपराखाली बसवले होते.

साहेब हसत खळ्याभोवती फिरले, एकेक अक्षर वाचलं आणि आबांना म्हणाले, "मुलं छान लिहितात." पण पडवी साहेबांची नव्हती. ते गेल्यावर आबा खळ्याकडे बघत उभेच. मी घाईने पदर खोचला.

"आबा, मी पुन्हा सारवून देते."

"थांबा, बाई. अक्षरावं शेन कसं फिरवायचं? आन् मळनीला बैल फिरवायचं तर लांबच. पाय लागंल की."

त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली, गवताच्या गंजीच्या पलीकडची जागा पायाने चाचपली आणि नवं खळं करायला जमीन उकरू लागले. मी भीत भीत विचारलं, "आणि पडवी, आबा?"

"भात माळ्यावं टाकू," ते मान वर न करता म्हणाले. "पोरं काय उनात बसत्याल व्हय?"

त्या दिवशी गाडीला पुष्कळ वेळ होता, तरी मी बांधावरून स्टेशनपर्यंत पळत गेले.