बुरूलताईचा उजवा डोळा

झूराकान डॉक्टरीणबाईंबरोबर मी एकोणीस उन्हाळे काढले. नारिनच्या दवाखान्यात त्या डोळ्यांच्या विभागाच्या प्रमुख, मी नर्स. त्यांनी किती जणांना दृष्टी दिली ते मोजायला मी बसले नाही. पण "खरा डॉक्टर कधी येणार?" हा प्रश्न मी या एकोणीस वर्षांत रोज ऐकला. बाई हात धूत उभ्या असायच्या आणि दारातला म्हातारा माझ्याकडे बघून विचारायचा. त्या कधी चिडल्या नाहीत. चिडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

"खरा डॉक्टर घोड्यावरून पडला, आजोबा," मी सांगायची. "आता हीच उरलीय. चालेल का?"

उन्हाळ्यात माणसं जनावरं घेऊन वर कुरणांत जातात, म्हणून आम्हीही ऑपरेशनची बस घेऊन वर जायचो. पूर्वी ऑपरेशनसाठी नावं घेतली की प्रत्येक युर्तातून, म्हणजे लोकरीच्या तंबूतून, म्हाताऱ्याचं नाव यायचं. म्हातारीचं शरदात बघू, शरदात म्हणायचे वसंतात, वसंतात मेंढ्या व्यायच्या. या बघू-बघूमध्ये बायका आंधळ्या व्हायच्या आणि चाचपडत दूध काढत राहायच्या. आचळ सापडायला डोळे कशाला लागतात, असं वर नवरेच ऐकवायचे.

बाईंनी नियम केला: प्रत्येक युर्तातून पहिलं नाव बाईचं. केवढा गहजब झाला! म्हाताऱ्यांनी अर्ज केले, संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, "साहेब, म्हातारा घोड्यावर बसून केव्हाही शहरात येतो. त्याच्या बायकोला कोण सोडतं?" नियम राहिला. त्यानंतर बाईंशी मोकळेपणानं बोलणारं मात्र कोणी राहिलं नाही. लग्नाच्या जेवणाला त्यांना डॉक्टर म्हणून वरच्या बाजूला, पुरुषांत बसवायचे. मांसाचा मानाचा तुकडा द्यायचे आणि त्यांच्या डोक्यावरून आपापसांत बोलायचे. खाली दाराशी बायकांचं हसणं चालायचं. बाई तिकडे बघत सावकाश जेवायच्या. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

त्या वर्षी सोलतोन-सारीच्या कुरणावरच्या यादीत एका युर्तातून पुरुषाचंच नाव आलं. मी तणतणत यादी बाईंपुढे टाकली. "घरात बायको आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आणि नाव नवऱ्याचं!"

बाईंनी नाव वाचलं आणि खाली बसल्या.

"बायको येणार नाही, कालिपा. ती माझी बहीण आहे."

एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की बाईंना बहीण आहे. आई गेल्यावर या बुरूलनंच त्यांना वाढवलं, लग्नही तिनंच लावून दिलं. वर्षभरात बाई सासर सोडून डॉक्टरकी शिकायला निघाल्या. थोरली म्हणाली, दगड पडेल तिथंच जड असतो, परत जा. बाई गेल्या नाहीत. तेव्हा बुरूलनं हातात नान घेऊन शपथ घेतली: "पुन्हा तुझं तोंड बघण्याआधी माझे डोळे जावोत." त्याला तेहेतीस वर्षं झाली होती. आमच्याकडे नान हातात घेऊन बोललेला शब्द कोणी हसण्यावारी नेत नाही.

मी घोडा मागून घेतला आणि वर गेले. बुरूलताई युर्ताच्या दाराशी चामड्याच्या पिशवीत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस घुसळत होती. आवाजावरून तिनं ओळखलं की कोणी परकी बाई आलीय.

"दवाखान्याची ना तू? माझ्या नवऱ्याला घेऊन जा. मला नको."

"का नको?"

"माझे डोळे माझ्याच तोंडानं गेले. शपथ फळली. आता ते परत घ्यायचे, तेही तिच्याच हातून? मग शपथ कशाला घ्यायची माणसानं?"

या बाईला काय समजवायचं? सात वर्षं तिला दिसत नव्हतं आणि सात वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. मोतीबिंदू म्हातारपणानं होतो, शब्दानं नाही, हे मी तीनदा सांगितलं. ती घुसळत राहिली. शेवटी मी खोटं बोलले.

"यंदा तुझी बहीण नाहीच आलेली. बिश्केकहून सांजार डॉक्टर आलाय. पुरुष आहे."

तिचा हात थांबला. "पुरुष? मग तसं सांगायचं ना आधी."

मला आनंदही झाला आणि तिच्या तोंडावर कुमीस ओतावा असंही वाटलं.

सांजार आमचाच, तिशीचा. त्याला सुरी धरायला बाईंनीच शिकवलं. मी घाबरत घाबरत बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. बोलायचं काम तो करेल."

ऑपरेशन करताना बाई नेहमी पेशंटशी बोलत असतात. गाई किती, सुना कशा आहेत. त्या दिवशी बाईंच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. सांजार बुरूलताईच्या उशाशी उभा राहून म्हणत होता, "खाली बघ, ताई. हलू नकोस. गाई किती तुझ्या?" आणि बाईंचे हात चालले होते. त्या हातांनी उजव्या डोळ्यात भिंग बसवलं. पट्टी मी बांधली. बाई उठून बसच्या मागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

सकाळी सांजारनं पट्टी काढली. बुरूलताईनं आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग त्याच्याकडे बघितलं.

"अरे, एवढासा पोरगा तू!" म्हणाली. तळवे जुळवून त्याला भरभरून आशीर्वाद दिला, दोन्ही हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवले. सांजार मान खाली घालून उभा राहिला. त्याला आणखी काय करता येणार होतं?

ती बाहेर आली तर चहाच्या समोवारपाशी बाई उभ्या. टोपी नाही, एप्रन नाही, पांढऱ्या केसांवर साधा रुमाल. खरं तर त्यांनी बसमध्येच थांबायचं ठरलं होतं.

बुरूलताई त्यांच्यासमोर थांबली. नीट निरखून बघितलं.

"ताई, जरा चहा देतेस?" ती म्हणाली.

बाईंहून ती नऊ वर्षांनी मोठी. पण तिच्या मनातली धाकटी तेवीस वर्षांची होती, आणि स्वतःचं तोंडही तिनं सात वर्षांत पाहिलेलं नव्हतं. बाईंनी वाडग्यात चहा ओतला, दूध घातलं आणि दोन्ही हातांनी पुढे केला. ती उभ्यानं प्याली.

"दुधाला सढळ आहेस. हल्ली कोण घालतं एवढं," ती म्हणाली. वाडगा परत देताना पुन्हा बघितलं. "तुझेही डोळे लाल झालेत गं. त्या पोराला दाखव. फार चांगला हात आहे त्याचा."

नवऱ्यानं तिला घोड्यावर बसवलं. उतारावरून जाताना ती प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवत होती, आणि म्हातारा मान डोलावत होता. बाई वाडगा हातात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या.

मला रडू आवरेना. "एक शब्द तरी बोलायचा होता, बाई. आवाज ओळखला असता तिनं."

"म्हणूनच नाही बोलले," त्या म्हणाल्या. "ओळखलं असतं तर हाही डोळा जाणार म्हणून धास्तावली असती. मग डाव्यासाठी आली नसती."

आत जाऊन त्यांनी पुढच्या उन्हाळ्याची यादी काढली. सगळ्यात वर लिहिलं: बुरूल, डावा डोळा. शेवटच्या रकान्यात ऑपरेशन करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथं त्यांनी सांजारचं नाव लिहिलं.