तीस हजार एकतीसला कशाने भाग जातो

माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, बारावीनंतर लगेच लग्न झालं होतं. आठ-नऊ वर्षांनी ती एरंडोलहून मुलीला घेऊन माहेरी, शिरपूरला परत आली ती कायमचीच. पुढच्या जूनमध्ये तिने माझ्याबरोबरच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसू लागलो.

एकदा सर शिकवत होते की मूळसंख्या कधीच संपत नाहीत. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार करायचा, त्यात एक मिळवायचा. येतात तीस हजार एकतीस. या सहांपैकी कशानेही भागा, बाकी एक उरतेच. मी मनाशी ठरवून टाकलं, म्हणजे हीसुद्धा मूळसंख्याच.

अक्काला तेवढ्यावर पटेना. घरी आल्यावर आईसोबत तुरीच्या शेंगा सोलायच्या सोडून ती सतरापासून पुढच्या एकेका मूळसंख्येने भागत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एकोणसाठनी भाग जास. हाई मूळसंख्या नही शे."

मी मोबाईलवर पाहिलं. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ, बरोबर तीस हजार एकतीस. माझं डोकंच चालेना. सर चुकले, की मूळसंख्या खरंच कुठेतरी संपतात?

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली, मी मागोमाग. सरांनी भागाकार नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "एकोणसाठ आपल्या सहांत होती का?"

अक्का मोठ्याने हसली. माहेरी आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. घरी जाताना ती मला समजावत राहिली. संख्या स्वतः मूळ असो वा नसो, तिला भागणारी मूळसंख्या त्या सहांच्या बाहेरचीच निघणार, म्हणजे नवी सापडलीच. मी मान डोलावली. पण संख्या फुटली तरी म्हणणं खरं कसं राहिलं, ते मला कळलं नाही. आणि त्यात एवढं सुखावण्यासारखं काय होतं, तेही नाही.

अक्का आता जळगावला गणित शिकवते. मी धुळ्यात एका ऑफिसात आहे. तिच्याकडे गेले की मी पुन्हा विचारते. ती सांगत असते तोवर सगळं लख्ख कळतं. परतीच्या बसमध्ये बसले की पुन्हा गुंता होतो.